थंड धुराचा ठिपका

गुलाम रसूल खराद्याने आयुष्यात तंबाखूचे हजारो पाइप केले असतील, पण एकही कधी ओढला नाही. यात काही सोवळंओवळं नव्हतं. त्याला दमा होता. वयाच्या दहाव्या वर्षापासून लाकडाचा भुसा छातीत भरलेला माणूस तो. घरात लोबान जाळला तरी त्याची छाती पेटीसारखी वाजायची. आणि गंमत अशी, की पार पुण्या-मुंबईपर्यंत त्याचं नाव झालं ते धुरामुळेच. थंड धुराचा पाइप पाहिजे तर नांदुऱ्याच्या गुलाम रसूलचा, असं शौकीन लोक एकमेकांना सांगत. नांदुऱ्यातले लोक मात्र त्या पाइपाला 'वाकडी चिलीम' म्हणत आणि असली वस्तू माणसं पार्सलने कशाला मागवतात म्हणून हसत. पिकतं तिथे विकत नाही, हे काही खोटं नाही.

त्याचा बाप खरादावर, लाकूड फिरवून तासायच्या यंत्रावर, पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, लाटणी काढायचा. गुलाम रसूलही तेच करत राहिला असता. पण एकदा रेल्वेच्या कुणा साहेबाने तुटलेला विलायती पाइप त्याच्याकडे दुरुस्तीला टाकला, आणि या पठ्ठ्याने दुरुस्त करायच्या आधी तो उभा चिरूनच पाहिला. साहेब काय बोलला असेल ते सोडा. आत बघतो तर एक सरळ भोक. धूर निखाऱ्यावरून निघाला की थेट जिभेवर. उन्हातून आलेल्या पाहुण्याला आपण आधी ओट्यावर टेकू देतो, घोटभर पाणी देतो, मग घरात घेतो. धुराला का तसं बसवू नये, असं त्याच्या डोक्यात आलं. आणि डोक्यात आलेलं हातात उतरेपर्यंत हा माणूस धड जेवतही नसे.

त्याने नळी दोन तुकड्यांची केली. सांध्यात अंगठ्याएवढी पोकळी कोरली. तिला तो कोठी म्हणे. धूर खालच्या भोकातून कोठीत यायचा, तिथे वळायचा, आपली आग आणि ओल तिथेच टाकायचा आणि वरच्या भोकातून निघायचा. ऐकायला सोपं आहे. पण सांधा एकदा चिकटवला की आत काय झालं ते अल्लालाच ठाऊक. भोक केसभर सरकलं, तर धूर न वळताच सुसाट बाहेर. वरून पाइप तसाच देखणा. आत डोळा जात नाही. आत जातो तो धूर, आणि धुराची खबर कळते जिभेला.

ती जीभ अमीरबीची होती.

अमीरबी, त्याची बायको, उंद्रीची. तिची दादी चिलीम ओढायची, आणि डोळ्यांनी अधू झालेल्या त्या म्हातारीची चिलीम पेटवून द्यायचं काम आठ वर्षांच्या नातीकडे होतं. पेटवायची म्हणजे दोन झुरके आपण मारावेच लागतात. ही खोड तिने सासरी कुणाला कळू दिली नव्हती. पण पहिला पाइप तयार झाला आणि तो ओढून बघायला माणूस मिळेना म्हणून नवरा गल्लीभर फिरायला लागला, तेव्हा ती दाराआडून म्हणाली, "आना इकडं. साऱ्या दुनियेले दाखवत काऊन फिरता?"

तेव्हापासून चाळीस वर्षं तो रिवाजच झाला. दुपार कलली, असरची नमाज झाली की खराद बंद. ओट्यावर चटई. अमीरबीच्या डाव्या हातात नवा पाइप, उजव्या हाताशी पाण्याने भरलेला लोटा. तीन झुरके, कमी नाही, जास्त नाही. गुलाम रसूल धूर येणार नाही अशा अंगाला बसून तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. पाइप गरम निघाला तर ती तसं बोलायची नाही, तिचा हात आपसूक लोट्याकडे जायचा. मग सांधा फोडायचा आणि नळी नवी करायची. थंड निघाला तर "थंड" एवढा एकच शब्द. की हा तापल्या तारेने नळीच्या पोटाला एक बारीक ठिपका द्यायचा. बिनठिपक्याचा पाइप त्याने कुणाला दिला नाही, मागणारा कितीही मोठा असो.

काम पाव तासाचं, पण दोघं तासभर बसायची. एरवी गुलाम रसूल खरादापुढून हलायचा नाही आणि त्या घरघरीत बायकोचं बोलणं त्याच्या कानापर्यंत पोचायचं नाही. दिवसातला तेवढा एक तास तो तिच्याकडे बघायचा.

पुढे पुढे अमीरबीचा हात लोट्याकडे जाईनासा झाला. एकामागून एक पाइप, सगळे थंड. गुलाम रसूल खूश. "आता हात बसला," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "सत्तरीत का होईना, पण बसला!" स्वतःची तारीफ पटायला माणसाला पुरावा लागत नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी लक्ष्मीकांत मास्तर आले ते त्याच दिवसांत. जाड भिंगांच्या चष्म्याचे हे मास्तर नांदुऱ्याच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवून शेगावला जाऊन राहिलेले. गावातलं गुलाम रसूलचं पहिलं गिऱ्हाईक तेच. चार पाइप त्यांनी वापरून झिजवले होते आणि शिसवी लाकडाचा पाचवा आठ दिवसांपूर्वीच नेला होता. तोच घेऊन सकाळच्या पॅसेंजरने परत आले.

"रसूलभाई, राग मानू नका," ते म्हणाले, "पण हा गरम आहे हो. जीभ पोळते."

गुलाम रसूलने पाइप उलटा करून त्यांच्या नाकापुढे धरला. "हे काय हाय, मास्तर?"

"ठिपका आहे. पण चुकून पडला असेल एखाद्या वेळेस."

"अमीरबीची जीभ चुकत नाही. चाळीस साल झाले. तुमचीच जीभ बिघडली असंल, मास्तर. डाक्टरले दाखवा एकदा."

दुकानात लाटणं घ्यायला आलेल्या दोघी होत्या, त्या फिदीफिदी हसल्या. जिभेला हाड नसतं म्हणतात ते असं. मास्तरांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी पाइप पिशवीत टाकला, आतल्या दाराकडे बघून "येतो, भाभी" म्हणाले आणि गेले ते परत आले नाहीत. दाराआड अमीरबी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी ती जेवली नाही, पण घरात कुणाच्या ते ध्यानात आलं नाही.

अमीरबीच्या जिभेच्या बुडाशी गाठ आहे हे गेल्या हिवाळ्यात कळलं. नागपूरच्या डॉक्टरने विचारलं, "आजींना गरम-थंड कधीपासून कळत नव्हतं?"

गुलाम रसूल ताठ बसून म्हणाला, "तिच्याएवढं गरम-थंड अख्ख्या जिल्ह्यात कोणाले कळत नाही, साहेब."

डॉक्टरने पेन खाली ठेवून अमीरबीकडे पाहिलं. तिने पदर तोंडावर ओढून घेतला. आधी आणलं असतं तर, असं काहीतरी डॉक्टर बोलला. ते सगळेच डॉक्टर बोलतात, असं म्हणून गुलाम रसूलने ते कानाआड केलं. जीभ जवळजवळ सगळी काढावी लागली. तरी दुखणं मानेत उतरलंच. आता घरी न्या आणि त्यांच्या मनासारखं करा, असं सांगून दवाखान्याने हात जोडले.

घरी आणल्यावर तिची बाज ओट्यालगतच्या खोलीत टाकली. नाकातल्या नळीतून पेज जायची. सून गुलनाज सगळं करायची. मुलगा नौशाद मलकापुरात फर्निचरच्या कारखान्यात, तो शुक्रवारी येऊन आईचे पाय दाबत बसायचा. गुलाम रसूलने खराद पोत्याने झाकून ठेवला होता.

आणि मग अमीरबीने एक खूण सुरू केली. दोन्ही हातांच्या बोटांची कडी करून डोळ्यांना लावायची. मग बोट वाकडं करून ओठाशी न्यायचं. मग हाताचा तळवा एकदा उताणा, एकदा पालथा. चार दिवस तिचं हे चाललं होतं आणि चार दिवस गुलाम रसूल विचारत होता, "पाणी? दवाई? उजेड लागते का डोळ्याले?" ती चिडून तोंड फिरवायची आणि थोड्या वेळाने पुन्हा तीच खूण करायची.

पाचव्या दिवशी गुलनाज पेज ढवळता ढवळता थांबली. "अब्बा, चष्मा म्हंजे मास्तर. शेगावचे मास्तर. त्यायचा पाइप गरम होता का थंड, ते इचारून राह्यल्या अम्मी."

अमीरबीने डोळे मिटले. दोन्ही कडांनी पाणी कानांकडे वाहिलं.

"त्याच्यात इचारायचं काय?" गुलाम रसूल म्हणाला. "थंडच होता. तूच तं सांगितलं होतं."

अमीरबीने मान हलवली. नाही, नाही, नाही.

गुलनाजने वाटी खाली ठेवली आणि सासऱ्याला स्वैपाकघरात बोलावलं. "अब्बा, मी एक गोष्ट दडवली. मास्तर भांडून गेले न, त्याच्याही आधीची. अम्मीनं उकळता चहा गटागटा पिला माह्या समोर. मी वरडली. तं म्हणे, चूप. जीभ लाकडावाणी झाली म्हणे, काहीच समजत नाही. पण तुह्या अब्बाले सांगू नको, ते पाइप बंद करतीन. मंग माह्याजवळ कायले बसतीन, म्हणे. मले कसम घातली."

"मंग थंड कशी म्हणे ते?"

"तुमच्या तोंडाकडे पाहून. तुम्ही खूश दिसले का थंड म्हणे."

गुलाम रसूल तिथेच खाली बसला. चाळीस वर्षं आपण तिच्या तोंडाकडे बघून पाइप कसा झाला ते ओळखायचो, आणि शेवटी ती आपल्या तोंडाकडे बघून ओळखत होती. आंधळ्याने आंधळ्याचा हात धरावा तशातली गत. त्याला रडू आलं नाही. आधी रागच आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना.

मग त्याने एका गोष्टीला घट्ट धरलं. मास्तरांचा तो एक पाइप. तो जर थंड निघाला, नुसता नशिबाने का होईना, तर मास्तरच चुकले होते. आपण त्यांना बोललो ते वाईट, पण खोटं नाही. आणि गरम निघाला तर? तर बायकोच्या आजाराची खबर शेगावहून आपल्या पायांनी दुकानात चालत आली होती, आणि आपण तिला चारचौघांत हसून हाकलून दिलं होतं. तेव्हाच अमीरबीची जीभ डॉक्टरला दाखवली असती तर ती वाचली असती. अमीरबीला काय जाणून घ्यायचं होतं तेही त्याला आता लख्ख कळलं. आपल्या खोट्या शब्दापायी आपल्या माणसाने एका भल्या माणसाचा अपमान केला की काय, हा काटा घेऊन तिला जायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पॅसेंजरमध्ये बसला. जलंब स्टेशन आलं तेव्हा त्याला वाटलं उतरून परत जावं. पण शेगाव आलं आणि तो उतरला.

दार शारदाबाईंनी, मास्तरांच्या बायकोने, उघडलं. मास्तर पेपर वाचत होते. गुलाम रसूल उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "मास्तर, तुमची माफी मागाले आलो. न तो पाइप पाहाले."

मास्तरांनी त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. शारदाबाईंनी पाणी दिलं आणि त्यांच्या मनात काही नव्हतं, म्हणून हसून म्हणाल्या, "बरं झालं आलात. तुम्ही म्हणालात म्हणून हे खरंच अकोल्याला जाऊन जीभ दाखवून आले हो! काही नव्हतं. चांगली ठणठणीत निघाली जीभ. आणि त्या निमित्ताने ओढणं सुटलं ते सुटलंच."

गुलाम रसूलने हातातलं पाणी तसंच खाली ठेवलं. मग त्याने सगळं सांगितलं. गाठ, ऑपरेशन, खूण, उकळता चहा. शारदाबाईंनी तोंडाला पदर लावला. मास्तर उठून आत गेले आणि फडक्यात गुंडाळलेला पाइप घेऊन आले. एकदाच ओढलेला, लाकडाची चमकही उतरली नव्हती.

"खरं सांगा, मास्तर. गरम होता का?"

मास्तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. "रसूलभाई, आता मला आठवत नाही," ते म्हणाले.

जगातल्या सगळ्या नद्यांची लांबी ज्या माणसाला पाठ होती, त्याला हे आठवत नव्हतं. गुलाम रसूलने त्यांचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले आणि निघाला. मास्तर स्टेशनपर्यंत सोबत आले.

घरी येईपर्यंत असर झाली होती. नमाज आटोपून त्याने गुलनाजच्या मदतीने बाज ओट्यावर आणली, खाली चटई टाकली, लोटा भरून बाजेवर अमीरबीच्या उजव्या हाताशी ठेवला. फडकं सोडलं. अमीरबीने पाइप ओळखला, आणि तिची नजर तिथून हलेना.

"आज मी ओढतो," तो म्हणाला.

"अब्बा, तुमाले दमा हाय न," गुलनाज म्हणाली. त्याने ऐकलं नाही.

तंबाखू दाबून भरायला लागला तेव्हा अमीरबीने हाताने थांबवलं. सैल, अजून सैल, असं बोटांनी दाखवलं. काडी एका जागी धरली तेव्हा तिने हवेत गोल काढला, ज्योत फिरव म्हणून. हजारो पाइप करणाऱ्या माणसाला पाइप पेटवता येत नव्हता. तेवढ्या दुखण्यातही तिच्या डोळ्यांत क्षणभर जुनी चेष्टा आली.

पहिला झुरका त्याने भीतभीत घेतला. जिभेच्या शेंड्यावर निखारा ठेवल्यासारखा चटका बसला, आणि मागोमाग छाती आवळली. तो खोकून खोकून वाकला. चुकलं असेल आपलं काही, असं मनाशी म्हणत त्याने दुसरा घेतला. जीभ पोळली. धूर सरळ येत होता. कोठीत न बसता, न वळता, सरळ. तिसरा घ्यायची गरज नव्हती, पण रिवाज तीन झुरक्यांचा होता. त्याने तिसराही घेतला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते धुराचं म्हणून खपण्यासारखं होतं.

अमीरबी त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिने तळवा उताणा केला, पालथा केला.

"थंड," तो म्हणाला. "एकदम थंड."

ती बघत राहिली. मग तिचा हात चादरीवरून हळूहळू सरकला, लोटा सापडेपर्यंत चाचपडला, आणि तिने तो लोटा बोटांनी त्याच्याकडे लोटला.

गुलाम रसूलने लोटा उचलला आणि लहान लेकरासारखा घटाघटा प्यायला. मग त्याचा बांध फुटला. "गरम हाय, अमीर. लय गरम हाय. मास्तर खरं सांगत होते, मी आयकलं नाही. तू मले काऊन नाही सांगितलं वं? मी पाइप बंद केले असते, पण तुह्याजवळून उठलो असतो का?"

अमीरबीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. तसाच थोडा वेळ राहू दिला. मग तिने पाइप उलटा केला, नळीच्या पोटावरचा ठिपका शोधला आणि नखाने तो दोनदा खरवडला.

तो उठला, पोतं बाजूला करून खरादाजवळचा काचकागद घेऊन आला आणि तिच्यासमोर बसून ठिपका घासायला लागला. शिसवात तो खोल गेला होता. वेळ लागला. मध्ये मध्ये तो पाइप तिच्यापुढे धरायचा आणि ती मान हलवायची, अजून आहे. शेवटी लाकूड कोरं झालं. तिने त्यावरून अंगठा फिरवला, आणि हात उघडून 'झालं' अशी खूण केली.

त्यानंतर अमीरबी नऊ दिवस होती. रोज असरनंतर गुलाम रसूल बाज ओट्यावर आणायचा, चटई टाकायचा आणि दिवस मावळून मगरिबची अजान होईपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. खराद झाकलेला होता, हातात काही नव्हतं. एवढ्यासाठी पाइप लागत नाही, हे दोघांपैकी कुणालाच चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं.